हा निधी आहे तरी कोण?

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. आत वहीच्या मधल्या पानावर लिहिलेलं चार पानी पत्र! पत्र आहे सातवीतल्या एका मैत्रिणीचं. गावाचं नाव तिनं लिहिलंय, पण मी ते इथे सांगणार नाही. कारण पत्र वाचल्यावर तुमच्यातले निदान शंभर जण म्हणतील, "अरेच्चा, हे तर आमचंच गाव!"

तर तिचं म्हणणं असं. त्यांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींसाठी शौचालय आहे. चांगलं पक्कं बांधलेलं, फरशी लावलेलं. पण त्याला पाणी नाही. वरची टाकी तडकली, नळ कधी आलाच नाही, आणि मग एक दिवस बाईंनी नाइलाजानं दाराला कुलूप लावलं. त्यामुळे वर्गातल्या मुली सकाळी घरून पाणी पिऊन निघत नाहीत. शाळेतही पीत नाहीत. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत डोकं दुखायला लागतं. दोघी-तिघी तर महिन्यातले काही दिवस शाळेतच येत नाहीत.

ती आणि तिच्या मैत्रिणी सरपंचताईंना भेटल्या (शाब्बास!). ताई म्हणाल्या, "निधी आला की करू." ग्रामसेवकभाऊ म्हणाले, "निधी नाही." गुरुजी म्हणाले, "वरून निधी यायला हवा." हे सगळं तिनं रात्री जेवताना घरी सांगितलं, तर तिचा धाकटा भाऊ विचारतो कसा, "ताई, ही निधी कोण गं? ती का येत नाही? रुसली आहे का?"

हसलात ना? मीही हसलो. पण मग विचार केला, त्या चिमुरड्यानं विचारलेला प्रश्न मोठ्या माणसांनी विचारायला हवा. निधी आहे तरी कोण? राहतो कुठे? येतो कोणत्या रस्त्यानं? आणि वाटेत अडतो कुठे? आज याचाच शोध घेऊ या. मी स्वतः काही वर्षं एका पंचायत समितीत कारकुनी केली आहे, त्यामुळे या रस्त्यावरचे खाचखळगे थोडेफार माहीत आहेत, बरं का!

आधी एक सोपा प्रश्न. सरकार कुठे असतं? तुम्ही म्हणाल, दिल्लीत. कुणी म्हणेल, मुंबईत. दोन्ही बरोबर, पण अर्धवट. तिसरं सरकार तुमच्या गावच्या चावडीजवळच्या त्या पिवळ्या इमारतीत असतं. ग्रामपंचायत हे काही दिल्ली-मुंबईच्या सरकारचं पोस्ट ऑफिस नव्हे, की वरून पत्र आलं आणि खाली वाटलं. आपल्या राज्यघटनेत ७३वी दुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिनं ठरवलं की गावपातळीवर निवडून आलेली पंचायत असलीच पाहिजे, तिची निवडणूक दर पाच वर्षांनी व्हायलाच हवी आणि तिला अधिकार व पैसा मिळण्याची सोय हवी. घटनेला एक अकरावं परिशिष्टही जोडलं गेलं. त्यात २९ विषयांची यादी आहे. पिण्याचं पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, वाचनालयं, बाजार... हे विषय राज्यानं पंचायतींकडे सोपवावेत, अशी ती कल्पना.

महाराष्ट्राला हे अगदीच नवं नव्हतं. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजीच जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. आजोबांना विचारा, त्यांच्या तरुणपणी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांचा रुबाब आमदारापेक्षा जास्त असायचा!

पण अधिकार कागदावर मिळणं वेगळं आणि खिशात पैसे असणं वेगळं. तुम्हाला बाबांनी सांगितलं, "आजपासून तुझी खोली तू तुझ्या मनासारखी सजव," आणि हातावर काहीच ठेवलं नाही, तर? जुनं कॅलेंडर भिंतीवर लावण्यापलीकडे काय करणार तुम्ही? म्हणून आता आपण पैशाकडे वळू.

ग्रामपंचायतीचा पहिला पैसा गावातूनच येतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडी बाजारात बसणाऱ्यांकडून घेतलेली पावती. प्रत्येक घराची नोंद एका जाडजूड नोंदवहीत असते, तिला म्हणतात 'नमुना ८'. घर केवढं, मातीचं की स्लॅबचं, किती जुनं, राहायचं की दुकानाचं, यावर घरपट्टी ठरते. हा गावाचा स्वतःचा पैसा. त्यातला दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा, असा नियम आहे. बालकल्याण म्हणजे तुमचं कल्याण! हे वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता गंमत अशी, की घरपट्टी भरायला कुणालाच आवडत नाही. "पंचायत काय करते आमच्यासाठी?" असं म्हणून लोक भरत नाहीत, आणि लोक भरत नाहीत म्हणून पंचायत काही करू शकत नाही. कोंबडी आधी की अंडं? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावानं यावर झकास तोड काढली. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना गावानं ठरवलं, जो कर वेळेवर भरेल त्याला वर्षभर दळण फुकट! पंचायतीची पिठाची गिरणी. बघा, किती साधी गोष्ट. दळण तर प्रत्येक घराला लागतंच. पाटोद्याला गावोगावचे लोक पाहायला जाऊ लागले ते काही उगीच नाही.

पण लहान गावात सगळ्यांनी अगदी इमानेइतबारे घरपट्टी भरली, तरी त्यातून पाण्याची टाकी उभी राहत नाही. दिवे, पंपाचं वीजबिल, शिपायाचा पगार यातच तो पैसा संपतो. म्हणून दुसरा पैसा वरून येतो. तुमच्या आईनं दुकानातून साबणाची वडी घेतली, तर तिच्या किमतीत कर असतो. तो कर दिल्लीला आणि मुंबईला जातो. मग त्यातला वाटा गावाकडे परत यायला नको का? हे वाटप मनमानीनं होऊ नये म्हणून घटनेनं वित्त आयोग नावाची व्यवस्था केली. दर पाच वर्षांसाठी नवा आयोग सांगतो, केंद्रानं जमवलेल्या पैशातून राज्यांना किती आणि गावांना-शहरांना किती. म्हणजे निधी हा काही कुणी उदार होऊन दिलेला खाऊ नव्हे. तुमचाच पैसा लांबचा फेरा मारून घरी येतो!

चला, आता वही-पेन्सिल घ्या. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण पंचायतींकरता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. बापरे! आता याला भागा, २०११ च्या जनगणनेतल्या ग्रामीण लोकसंख्येनं, म्हणजे सुमारे ८३ कोटी ३० लाखांनी. माणशी साधारण २,८४० रुपये. पाच वर्षांचे! म्हणजे वर्षाला माणशी सुमारे ५७० रुपये. महाराष्ट्रात यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असं वाटप ठरलं. म्हणजे ग्रामपंचायतीच्या हाती माणशी ४५५ रुपयांच्या आसपास.

तुमचं गाव दोन हजार वस्तीचं असेल तर? ४५५ गुणिले २,०००. साधारण नऊ लाख रुपये वर्षाला. हा आपला ढोबळ, सरासरीचा हिशोब झाला. प्रत्यक्षात राज्याराज्यांत आणि गावागावांत आकडा कमी-जास्त होतो. पण आता तुम्हाला अंदाज आला. नऊ लाख हे 'काहीच नाही' नव्हे. आणि 'वाट्टेल ते करा' एवढेही नव्हेत. मुख्य रस्त्यापासून देवळापर्यंत काँक्रीटचा रस्ता करायला घेतला, तर वर्षाचा पैसा कधी संपला ते कळणारसुद्धा नाही.

शिवाय या पैशाला दोन कप्पे होते. समजा, आजीनं दिवाळीला शंभर रुपये दिले आणि बजावलं, "यातल्या साठ रुपयांची पुस्तकंच घ्यायची, उरलेल्या चाळीसचं काय ते तू ठरव." अगदी तसंच! साठ टक्के निधी 'बंधित', म्हणजे बांधलेला. तो फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. चाळीस टक्के 'अबंधित', म्हणजे गाव ठरवेल त्यावर; फक्त पगारावर आणि कार्यालयीन खर्चावर नाही. का बांधला असेल बरं? आयोगाला अनुभवानं माहीत होतं, मोकळा सोडला तर पैसा रस्त्याकडे धावतो. रस्ता दिसतो ना! त्यावर उद्घाटनाची पाटी लावता येते. जमिनीखालची पाइपलाइन कुणाला दिसते? मला स्वतःला हा बांधलेला पैसा पूर्वी आवडायचा नाही. वाटायचं, गावाला शहाणपण शिकवणारे हे कोण? पण तुमच्या मैत्रिणीचं पत्र वाचल्यापासून माझं मत जरा डळमळलंय.

ती लिहिते, शौचालयाला कुलूप लागल्यापासून गावात वेशीवर एक भलीमोठी स्वागतकमान उभी राहिली आणि चौकात रंगीत पेव्हर ब्लॉक बसले. तिचा प्रश्न अगदी सरळ आहे. तेव्हा निधी आला होता की नव्हता?

अगं, आला होता. प्रश्न निधी येण्याचा नव्हताच. तो कशावर खर्च करायचा हे कुणी आणि कधी ठरवलं, हा खरा प्रश्न आहे. आता त्या 'कधी'कडे येऊ. कारण इथेच सगळी मेख आहे!

तुमच्या घरी लग्न ठरलं की आधी यादी होते की नाही? तशी गावाचीही एक यादी होते. तिला म्हणतात ग्रामपंचायत विकास आराखडा. आपल्याकडे या कार्यक्रमाचं नाव 'आमचं गाव, आमचा विकास'. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. त्यामुळे पुढच्या वर्षाची यादी आदल्या वर्षीच तयार व्हावी लागते. त्यासाठी देशभर २ ऑक्टोबरपासून मोहीम असते, ती हिवाळाभर चालते. गावातून फेरी काढायची, कुठे काय नाही ते पाहायचं. काही गावांत चक्क पटांगणावर रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, त्यात विहिरी, वस्त्या, शाळा दाखवतात. मग ही यादी ग्रामसभेपुढे ठेवायची. ग्रामसभेनं मान्य केली, की ती संगणकावर चढवायची. तुमचं गावाचं नाव घालून 'ई-ग्रामस्वराज' या सरकारी पोर्टलवर कुणालाही ती पाहता येते. मोबाईलवर रील पाहता ना? एकदा हेही पाहा. आपल्या गावच्या आराखड्यात कोणतं काम आहे, त्यापुढे किती रुपये लिहिलेत. मी पैज लावतो, तुमच्या बाबांनीही ते पाहिलेलं नसेल.

जे काम या यादीत नाही, त्याला पैसा मिळणं महाकठीण. तुमच्या मैत्रिणी सरपंचताईंना भेटायला गेल्या त्या फेब्रुवारीत. तोवर यादी बहुतेक तयार झाली असणार. लग्नाच्या आदल्या रात्री जाऊन सांगायचं, "अहो, यादीत आमच्या आत्याचं नाव राहिलं," तसं झालं ते.

आणि ही ग्रामसभा म्हणजे काय, माहीत आहे? ग्रामपंचायतीचे सदस्य नव्हेत हं! गावातला अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार म्हणजे ग्रामसभा. तुमची आई, आजी, कोपऱ्यावरचे टेलरकाका, सगळे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची सभा घ्यायची, असंही कायदा सांगतो. सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर हवेत. याला म्हणतात गणपूर्ती, बोलीभाषेत कोरम.

आता ऐका. मी कित्येक ग्रामसभा पाहिल्या. दहाची वेळ. साडेदहापर्यंत पाराखाली पंधरा-वीस माणसं. कुणी तंबाखू मळतंय, कुणी गुरांच्या बाजाराचं बोलतंय. बायका जवळजवळ नाहीतच. कोरम नाही म्हणून सभा 'तहकूब'. म्हणजे पुढे ढकलली. आणि ही तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला कोरम लागत नाही! मग तेवढ्याच बारा-पंधरा माणसांत वर्षाची यादी मंजूर. कमान मंजूर, पेव्हर ब्लॉक मंजूर, हात वर, टाळ्या, चहा. सगळं कायद्यानं. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. फक्त ज्यांच्या मुली शाळेत पाणी न पिता बसतात, त्या आया तेव्हा शेतात खुरपायला गेल्या होत्या. त्या दिवशीची मजुरी कोण बुडवणार?

असो. यादीत काम आलं म्हणजे झालं, असंही नाही. पुढची शर्यत अडथळ्यांची. कामाचं अंदाजपत्रक करायचं, म्हणजे किती पाइप, किती सिमेंट, किती मजुरी. ते अभियंता तपासतो, त्याला म्हणतात तांत्रिक मान्यता. मग प्रशासकीय मान्यता. काम मोठं असेल तर निविदा, म्हणजे टेंडर. मग कार्यारंभ आदेश. काम झालं की अभियंता टेप घेऊन येतो, मोजतो आणि मापन पुस्तिकेत लिहितो. आमच्याकडे सगळे त्याला 'एम. बी.' म्हणायचे. "एम. बी. झाली का?" हा दिवसातून पन्नास वेळा विचारला जाणारा प्रश्न! ती झाली की बिल निघतं. हे सगळं कटकटीचं वाटतं, पण उद्या कुणी दोनशे फूट पाइप टाकून पाचशे फुटांचं बिल लावू नये म्हणूनच ते आहे.

कटकट कधी कधी जीवही घेते, तेही सांगतो. आमच्या कार्यालयात एका शाळेच्या संरक्षक भिंतीची फाइल आली होती. तालुक्याचं नाव राहू दे. शाळा अगदी हमरस्त्यावर, मुलं सुटी झाली की थेट ट्रकांपुढे. पैसा मंजूर झाला होता. फाइलीत फक्त शाळेच्या जागेचा सातबारा उतारा नव्हता. तेवढ्यासाठी फाइल माझ्याच टेबलावरून परत गेली. ती परत आली, तेव्हा साहेब रजेवर. साहेब आले, तेव्हा मार्च संपत आलेला. ३१ मार्चला आम्ही रात्री बारापर्यंत दिवे लावून बिलं काढत बसलो होतो. सरकारी कार्यालयात त्या रात्री दिवाळी असते! पण भिंतीचं कामच सुरू नव्हतं, तर बिल कसलं काढणार? पैसे परत गेले. भिंत त्यानंतर तीन वर्षांनी झाली. त्या तीन वर्षांत त्या रस्त्यानं जाताना मी दर वेळी शाळेकडे न बघता पुढे जायचो. उतारा तर मी स्वतःच तलाठ्याकडून आणून लावू शकलो असतो. अर्ध्या तासाचं काम होतं.

अजून एक अडथळा तुम्हाला माहीत असायला हवा. निवडून आलेले सदस्य जागेवर नसतील, तर वित्त आयोगाचा पैसा अडतो. २०२२ मध्ये आपल्या राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि निवडणुका काही वर्षं रखडल्या. तिथे प्रशासक, म्हणजे अधिकारीच कारभार पाहत होते. त्यांच्या वाट्याच्या दहा-दहा टक्क्यांना त्याचा फटका बसला. मोठी माणसं कोर्टात भांडत होती, पाणी मात्र गावाचं अडलं!

आता शहरातल्या दोस्तांना वाटत असेल, "आमचं काय?" तुमच्याकडे नगरपालिका किंवा महानगरपालिका. ७३व्या दुरुस्तीसारखी शहरांसाठी ७४वी दुरुस्ती झाली. तुमच्या बाबांना विचारा, पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, मालाचे ट्रक रांगेत उभे असायचे. मुंबईत जकात २०१७ च्या जुलैपर्यंत होती. वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आला आणि जकात गेली. ट्रकवाले खूश झाले, पण महापालिकेची कमाईची हक्काची वाट बंद झाली. तिची भरपाई राज्य सरकार कायदा करून देतं. म्हणजे पूर्वी स्वतःच्या नाक्यावर पैसे मोजून घेणारी महापालिका आता दर महिन्याला सरकारच्या हाताकडे बघते. हे चांगलं की वाईट? यावर तुमच्या वर्गात वादविवाद ठेवा. मला दोन्ही बाजू पटतात. शहरांबद्दल सविस्तर पुन्हा कधीतरी लिहीन, आज आपल्याला त्या कुलपाकडे परत जायचंय.

तर ताई, आता तुझ्यासाठी. तुला आता दोन प्रकारची उत्तरं मिळतील. ग्रामपंचायत म्हणेल, "शाळा जिल्हा परिषदेची आहे, आमची नाही." जिल्हा परिषदेचे लोक म्हणतील, "पाणी ग्रामपंचायतीनं द्यायचं." दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच चेंडू मधेच फिरत राहतो. पण प्राथमिक शिक्षण हा विषय त्या २९ जणांच्या यादीत आहे, हे लक्षात ठेव. शाळेच्या शौचालयाला पाणी आणणं हे पाण्याच्या कामातही बसतं आणि स्वच्छतेच्या कामातही. पंधराव्या आयोगाच्या बांधलेल्या कप्प्यात ते अगदी चपखल बसलं असतं. १ एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची. त्याच्या निधीचे कप्पे कसे आहेत, हे ग्रामसेवकभाऊंना विचारायचं. (२०२४ पासून त्यांच्या पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय बरं का, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात!) आणि तेही जमलं नाही, तर ते पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं वाक्य काढ. महिला-बालकल्याणाचे दहा टक्के कुठे खर्च झाले?

तुझ्या हाती आणखी एक गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे २००९ च्या कायद्यानं, प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंच्याहत्तर टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचंच काम. तुमच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे, हे गुरुजींना विचार. त्यात तुझ्या एखाद्या मैत्रिणीची आई नक्की असेल. समितीनं ठराव करून तो ग्रामपंचायतीला दिला, की तो कागद झाला. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, कागदाला आवक नंबर पडतो. आवक नंबर म्हणजे कार्यालयात कागद पोचल्याची नोंद. तो नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवायची! मी कारकून होतो, मला माहीत आहे. नंबर सांगणाऱ्या माणसाला आम्ही "उद्या या" म्हणताना दोनदा विचार करायचो.

आणि मागणी करताना फक्त "पाणी द्या" नको. शाळेपासून नळाच्या मोठ्या पाइपपर्यंत पावलं मोजा. टाकी पाचशे लिटरची हवी की हजारची, किती मुली आहेत, दिवसाला किती पाणी लागेल, तिसरीतल्या गुणाकारानं निघेल. गावच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाइपचा, टाकीचा, नळाचा भाव विचारा. हे सगळं एका कागदावर मांडा. अभियंत्याचं अंदाजपत्रक वेगळं असेल, असू दे. पण नऊ लाखांच्या वर्षात तुमची टाकी किती टक्के पैसे खाते, हे सरपंचताईंना आकड्यात दिसलं पाहिजे. एवढ्याशा रकमेसाठी सगळ्या शाळेच्या मुली तहानलेल्या बसतात, हे मग कुणालाच मोठ्यानं बोलता येणार नाही.

आई-बाबांनो, हे पान तुम्हीही वाचता हे मला ठाऊक आहे. पुढची ग्रामसभा कधी आहे? नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. मुलांना मत नाही, हात वर करायचा तो तुम्हालाच. महिलांच्या सभेत हा विषय निघाला आणि तिथून ग्रामसभेत गेला, तर तो टाळणं अवघड असतं. आपल्याकडे २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे समोर बसलेल्या सदस्यांतही तुमच्या मैत्रिणी असतील. त्यांनाही शाळेत असताना असंच डोकं दुखलं असेल की.

आणि तुझ्या धाकट्या भावाला सांग, निधी रुसलेला नाही. तो चौकात पेव्हर ब्लॉक होऊन बसलाय, आणि आपण चपला घालून त्याच्यावरूनच शाळेत जातो!

पाण्याची पावलं मोजून झाली की मला कळव. किती भरली तो आकडा, दुकानातले भाव आणि आवक नंबर, तिन्ही पत्रात लिही. गणित मी तपासून पाठवतो. ग्रामसभेला किती जणी आल्या तेही लिही, आणि कोरम झाला की नाही, ते तर पहिल्याच ओळीत!

तुमचा,
काका